न उजळलेला दगड

सून संडास धुवायला निळी बाटली उघडते तेव्हा मी घरातून बाहेर पडते आणि पार मारुतीच्या पारापर्यंत जाऊन बसते. तिला वाटतं, सासूला वासाचा त्रास होतो. त्रास वासाचाच आहे. पण त्या वासात मला आमची रुद्रभूमी दिसते, फेस आलेले दगड दिसतात, आणि तोंडात असं पाणी सुटतं जसं उलटीच्या आधी सुटतं. मग शिवकांता अक्का आठवते.

आमच्यात माणूस गेलं की जाळत नाहीत, पुरतात. गावाच्या वरच्या अंगाला, ताडकळसच्या रस्त्याला लागून, आमची रुद्रभूमी आहे. पूर्वी तिथं बोरीबाभळी होत्या आणि त्यांच्यात समाध्या. कुणाच्या नुसत्या मातीच्या, कुणाच्या चुन्याच्या, ज्याला जमलं त्यानं शहाबादी फरशी उभी करून तिच्यावर नाव कोरून घेतलेलं. अक्का तिथं रोज जायची. गावातल्या बायका देवळात जातात तशी.

ती आमच्या शेजारची. नात्यानं कुणीच नव्हती, पण अख्खी आळी तिला अक्का म्हणायची. पाठीमागं 'शी-कांता' म्हणायची, कारण तिच्या तोंडात दर दोन शब्दांना एक 'शी' असायची. उंच, हाडकुळी बाई. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि पदराचं टोक कायम नाकाला. तिला सगळ्याचीच किळस यायची. हापशाचा दांडा राखेनं घासल्याशिवाय ती धरायची नाही. लग्नाच्या पंगतीत ताट उजेडाकडं धरून बघायची आणि वाढणाऱ्याला विचारायची, "हे धुतलंय का निस्तं भिजवलंय?" कुणाच्या घरचा चहा घ्यायची नाही. "कपाला वास हाय," म्हणायची. कसला, ते सांगायची नाही. ते सांगितलं नाही म्हणून घरवालीला दोन दिवस कप हुंगत बसावं लागायचं.

माणूस दिसलं की तिचा पहिला प्रश्न, "हात धुतले का?" राम राम नाही, बसा नाही. एकदा आमच्या घरी पूजेला जंगम स्वामी आले होते. ते पाटावर बसतात न बसतात तोच अक्कानं दारातूनच विचारलं,

"स्वामी, हात धुतले का?"

"आत्ताच आंगोळ करून आलाव, अक्का."

"आंगोळ केली, पन गाडीवर बसून आलाव. त्या हँडलला कुनी आंगोळ घातली?"

स्वामी हसले, उठले आणि न्हाणीत जाऊन हात धुऊन आले. माझे मालक लाजेनं खाली बघत होते. मी दाराआड उभी होते. मला हसू आवरेना आणि रागही येत होता, कारण आमच्याच घरात येऊन ही बाई आमच्याच पाहुण्याला असं बोलत होती.

मी तिला टाळायची. मला मुळातच कुणाशी बोलायला जमत नाही, आणि हिच्याशी बोलायचं म्हणजे आधी नखं तपासून घ्यायची. पण आमचं जमलं ते रुद्रभूमीत, आणि भांडणातून जमलं.

आमच्या गावात शिवरात्रीच्या आधी बायका समाध्या धुतात. त्याला आम्ही धुणं म्हणत नाही, उजळणं म्हणतो. देवाची तांब्याची भांडी उजळतो तोच शब्द, आणि तीच रीत. ताटलीत चिंचेचा कोळ, लिंबाच्या फोडी, मीठ, राख आणि तारेची घासणी. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी ताटली हातात देऊन सांगितलं, "जा, मामंजींची समाधी उजळून ये." मी गेले. सासऱ्यांच्या फरशीवर लिंबू घासायला लागले. दगडावर बारीक बुडबुडे यायला लागले, चुरचुर आवाज झाला. मला बरं वाटलं. मळ निघतोय असं वाटलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या हातातलं लिंबू ओढून घेतलं आणि बोरीत भिरकावलं.

"शी! काय करायलीस गं?"

"उजळायले, अक्का."

"तांब्या हाय का त्यो उजळायला? दगड हाय! तुज्या सासऱ्याचं नाव खायलीस तू. बग, बोट लाव. लाव बोट!"

मी बोट लावलं. भुगा लागला. ओला, पिठासारखा पांढरा भुगा.

"ह्यो मळ न्हाई. ह्यो दगड हाय. लिंबू दगडाला खातंय. मळ खात न्हाई, दगड खातंय. शी, शी, शी." ताटलीतला कोळ तिनं लांब नेऊन ओतला आणि ताटली मातीनं घासून माझ्या हातात दिली. मग माझ्याकडं निरखून बघितलं. "शाळा शिकलीस का?"

"चौथीपर्यंत."

"मंग ये हिकडं."

बाभळीखाली एक गुडघ्याएवढी शहाबादी फरशी उभी होती. तिच्यापुढं तिनं मला बसवलं. तांब्यातलं पाणी हळूच फरशीवर सोडलं. सकाळचं ऊन बाजूनं पडलं होतं. कोरड्या फरशीवर काहीच नव्हतं, पण ओली झाली तशी अक्षरं वर आली.

"वाच," ती म्हणाली.

"महानंदा," मी वाचलं.

तिनं नाकाचा पदर काढला. "म हाय का?"

खरं तर म नव्हता. मच्या जागी एक बारीकशी उभी रेघ होती. पुढचा 'हा' अर्धा होता. नंदा तेवढं नीट होतं. मी म्हणाले, "थोडा हाय."

महानंदा तिची मुलगी. एकुलती एक. शाळेत घालायच्या आधीच तापात गेली. तिचा फोटो नाही. रेशनकार्डावर नाव चढलं नव्हतं. जन्माची नोंद कुणी केली नव्हती. अक्काच्या मालकांनी पूर्ण्याहून फरशी आणली, तिथल्याच एका दगड घडवणाऱ्याकडून नाव कोरून घेतलं आणि बैलगाडीत पोत्यांवर ठेवून घेऊन आले. पोरीचं नाव जगात लिहिलेलं असं एवढ्या एकाच जागी. अक्काला वाचता येत नव्हतं, पण ती बोटानं ते नाव चाचपायची. कुठं गोल आहे, कुठं काना आहे, हे तिच्या बोटाला पाठ होतं.

आणि तिनंच ते खाल्लं होतं. ते तिनं मला त्याच दिवशी सांगितलं, जराही न रडता, शिसारी आल्यासारखा चेहरा करून. दर शिवरात्रीला ती पोरीची फरशी उजळायची. सगळ्या बायकांपेक्षा जास्त. लिंबू जास्त, मीठ जास्त, घासणं जास्त, कारण पोरगी लाडकी. फेस यायचा तशी आणखी जोर लावायची. एका वर्षी मालक सोबत आले, खाली बसले आणि म्हणाले, "म कुठं गेला गं?" तेवढंच म्हणाले. तिला काही म्हणजे काही बोलले नाहीत.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," अक्का म्हणाली. "मला माज्याच हाताची घान वाटायला लागली. ह्याच हातानं पोरीचं नाव धुऊन टाकलं."

तेव्हापासून ती लिंबाला शिवली नाही. लोणच्यातलंसुद्धा खात नसे.

तिच्या धुण्याची रीत मी नंतर पुष्कळ वेळा बघितली. ऊन चढायच्या आत जायचं. तापलेल्या दगडावर पाणी टाकायचं नाही. आधी बोटाच्या पेरानं हलकं वाजवून बघायचं. आवाज पोकळ आला, पापुद्रा सुटल्यासारखा, तर त्या जागेला हात लावायचा नाही, मळ असला तरी राहू द्यायचा. मग साधं पाणी, भरपूर. जुन्या सुती लुगड्याचा बोळा. खालून वर जायचं, वरून खाली नाही, म्हणजे मळाचे ओघळ कोरड्या दगडात मुरत नाहीत. शेवाळ असलं तर भिजू द्यायचं आणि चघळून मऊ केलेल्या लिंबाच्या काडीनं, कडुलिंबाच्या, हळूच उचलायचं. ब्रश नाही, तार नाही, साबण नाही. कुणी साबण आणला की म्हणायची, "साबन दगडात शिरतंय, मंग भाईर निघत न्हाई. माती चिकटती त्याला. शी."

एवढं सगळं बरोबर होतं. पण कोरलेल्या अक्षरांत पाखरांची घाण वाळून बसली असली की ती बोळ्याचं टोक तोंडात घालायची, थुंकी लावायची आणि त्या थुंकीनं अक्षर पुसायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पदर तोंडाला लावला. हीच बाई, जिला जगाच्या कपांचा वास येत होता! पाखराची घाण पुसलेला बोळा ती उलटा करून परत तोंडात घालायची.

"अक्का, काय करायलाव हे? समाधीला थुंकी?"

"कामून? पोरीच्या तोंडावरचं काजळ कशानं पुसत व्हते मी? पान्यानं निघत न्हाई, थुंकीनं निघतंय. आन दगडाला काय व्हत न्हाई. तू तोंड फिरव."

मी तोंड फिरवलं. दर वेळी फिरवलं. मला ती किळस कधी गेली नाही, हे खरं आहे. गावातल्या बायकांनी तर त्यावरून तिला फार नावं ठेवली. "समाधीवर थुंकती म्हातारी," म्हणायच्या. ती त्यांच्याकडं बघून जमिनीवर थुंकायची.

नंतर अक्काचे मालक वारले. अक्का एकटी राहिली आणि तिचा पुतण्या मन्मथ तिच्याकडं बघायला लागला. तो तसा वाईट नव्हता. दळण आणून द्यायचा, दवाखान्यात न्यायचा. पण त्याला पंचायतीत निवडून आल्यापासून सगळं चकचकीत करायची हौस लागली. आधी वेशीला रंग, मग पाराला फरशा, मग रुद्रभूमीला कमान. कमानीच्या उद्घाटनाला कुणी मोठा माणूस येणार होता. त्याच्या आधी सगळ्या समाध्या धुऊन, पॉलिश करून, एकसारख्या करायच्या, असं ठरलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तरी लोक हो म्हणाले असते. उजळायचंच होतं ना.

परभणीहून पोरं आली. सोबत ॲसिडचे निळे कॅन, तारेचा गोल ब्रश फिरवणारं मशीन, आणि तोंडाला रुमाल. पहिल्याच दिवशी त्यांनी रस्त्याकडची रांग धुतली. मी पाणी आणायला त्या बाजूनं गेले होते. एका पोरानं कॅन कलता केला आणि फरशी उकळायला लागली. खरंच उकळायला लागली. पिवळा फेस दगडावरून लाळेसारखा खाली ओघळत होता आणि खाली मातीत फसफसत होता. धूर नाकात शिरला तो घशापर्यंत जळत गेला. मग मशीन लागलं. घर्रर्र. त्या फेसात नावं गेली. कुणाचा आजा, कुणाची बहीण, सगळ्यांचा एकच लगदा होऊन पायवाटेनं वाहत आला. माझ्या चपलेला लागला. त्या दिवशी मी जेवले नाही.

अक्का मन्मथच्या घरी गेली. मी तिच्या मागं होते. मन्मथ खुर्चीत बसून मोबाईलवर कमानीचे फोटो दाखवत होता.

"माज्या दगडाला हात लावायचा न्हाई," अक्का म्हणाली.

"काकू, अगं नवं करून द्यायलाव. वाटलं तर ग्रेनाईटची पाटी बसवतो. काळी, चमकदार. त्याच्यावर सोनेरी नाव."

"त्यो दगड तुज्या काकानं आनलाय. नाव हाय त्याच्यावर."

"काय हाय? मी बगितलं न्हाई का? कायबी दिसत न्हाई त्याच्यावर."

"तुला दिसत न्हाई."

"हे बग काकू, सगळ्या समाध्या एकसारक्या दिसल्या पायजेत. एकच ठेवली तर दाताला कीड लागल्यावानी दिसल. पाव्हना काय म्हनल?"

"पाव्हन्याला म्हनावं, हात धुऊन ये."

तो हसला. त्याची बायको हसली. अक्का तिथून सरळ रुद्रभूमीत गेली आणि फरशीपुढं जाऊन बसली. पोरांनी तिला बघून दुसरीकडं काम चालू केलं. पण वारा तिच्याकडं होता. थोड्याच वेळात खोकल्यानं ती वाकडी झाली, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मन्मथ आला आणि तिला गाडीवर मागं बसवून घरी घेऊन गेला. "काकू, जीव जाईल तुजा. उद्या त्यो कोपरा घेतील पोरं. तू घरीच बस," म्हणाला. काळजीनंच म्हणाला. म्हणूनच मला त्याची जास्त चीड आली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता माझ्या दाराची कडी वाजली. अक्का उभी होती. हातात घमेलं, काखेत दुसरं.

"चल."

"कुठं?"

"नालीवर."

आमच्या आळीची नाली बाजाराच्या मागं जाऊन साचते. तिथं हॉटेलचं खरकटं येतं, न्हाव्याचे केस येतात, कोंबडीवाल्याची पिसं आणि आतडी येतात, लेकरांचे ते विकतचे लंगोट येतात. वरून काळी साय धरलेली असते आणि तिच्याखाली काय हलतं ते बघवत नाही. त्या जागेवरून जाताना अक्का दोन गल्ल्यांचा वळसा घ्यायची. त्या दिवशी ती काठावर बसली, लुगडं खोचलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

मी तोंडावर पदर दाबून उभी राहिले. तिनं पदर लावला नव्हता. आयुष्यभर जे टोक नाकावर होतं ते कमरेला खोचलेलं होतं. हातानं गाळ उपसून ती घमेल्यात भरत होती आणि प्रत्येक वेळी तिच्या अंगावर काटा येत होता. मला दिसत होतं. तिचे ओठ आत ओढलेले होते. एकदा ती बाजूला वळली, ओकली आणि परत हात घातला.

"अक्का, हे कशाला?"

"पोरीला घान लावायचीय," ती म्हणाली. "कुनी हात लावू ने अशी घान."

एक घमेलं तिनं डोक्यावर घेतलं, एक मी घेतलं. माझं कसं झालं होतं ते मी लिहीत नाही. पाणी गळत होतं, एवढंच सांगते. रुद्रभूमीत कुणी नव्हतं. तिनं आधी तांब्याभर स्वच्छ पाणी फरशीवर घालून ती भिजवून घेतली. तेवढी रीत त्याही वेळी सोडली नाही. कोरड्या दगडात घाण शिरते, भिजलेल्यात शिरत नाही. मग दोन्ही हातांनी गाळ लिंपला. समोर, पाठीमागं, वर. कोंबडीचं एक आतडं वरच्या कडेवर असं टाकलं की ते खाली लोंबत राहिलं. माश्या लगेच आल्या. अक्का मागं सरली, तिनं ते नीट बघितलं, एखादीनं रांगोळी बघावी तसं.

पोरं आली तेव्हा आम्ही बाभळीआड बसलो होतो.

"शी! आयला, हे काय हाय?"

"कुनी तरी हागलंय बे हितं."

"मी न्हाई हात लावनार. तू लाव."

"मशीन लावलं तर तोंडावर उडल की सगळं. सोड त्याला. बोरीचा फाटा टाक वर, पाव्हन्याला दिसायचं न्हाई."

त्यांनी काटेरी फाटा आडवा टाकला आणि पुढची फरशी धुतली. थोड्या वेळानं मन्मथ आला. फाट्याशी उभा राहिला, नाकाला रुमाल लावला, मग त्याचं लक्ष आमच्याकडं गेलं. अक्काच्या नखांकडं गेलं.

"काकू," तो म्हणाला, "हात धुतले का?"

"तुजे धू आदी," अक्का म्हणाली.

तो निघून गेला. फाटा मात्र त्यानं हलवू दिला नाही.

उद्घाटन झालं. हार, फोटो, पेढे. समाध्या दातांच्या कवळीसारख्या पांढऱ्या दिसत होत्या. लोक खूश होते. मग शिवरात्र आली आणि लोक फुलं घेऊन गेले, तेव्हा कुणाची कोणती ते कळेना. एकाच फरशीपुढं दोन घरं भांडली. शेवटी मन्मथनं ऑईलपेंटनं नावं टाकून घेतली, आठवेल तशी. माझ्या सासऱ्यांचं नाव आता बाजूच्या कुणा बाईच्या समाधीवर आहे. त्या पेंटचे पोपडे निघतात. मी फूल वाहते तेव्हा कुणाला वाहते ते मला माहीत नसतं, आणि हात घाण झाल्यासारखा वाटतो.

अक्का त्यानंतर फार जगली नाही. तिच्या समाधीवर मन्मथनं ग्रेनाईटची काळी पाटी बसवली, सोनेरी नावाची. त्याचा हेतू चांगलाच होता. पण मी तिकडं बघत नाही. मी अक्काला बघते ती पाहुणा निघून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची.

आम्ही दोघींनी फाटा ओढून बाजूला केला. गाळ वाळून खपली धरली होती. मी ओढायला गेले तर तिनं हात मारला. "भिजू दे." हापशावरून खेपा करून पाणी आणलं. ओतत राहिलो. खपली आपोआप सुटायला लागली, काळं पाणी वाहिलं, मग करडं, मग नुसतं पाणी. मग तिनं लुगड्याचा बोळा घेतला आणि खालून वर, खालून वर. शेवटी अक्षरांत जे राहिलं होतं त्याला तिनं बोळ्याचं टोक तोंडात घालून ओलं केलं. मी तोंड फिरवलं नाही. किळस आली, पण फिरवलं नाही.

ऊन बाभळीखालून तिरपं आलं.

"वाच."

"महानंदा."

"म हाय का?"

मी खाली वाकले. ती बारीक रेघ होती. पाणी तिच्यात भरून चकाकत होतं.

"हाय."

तिनं आपली बोटं नाकाशी नेली, हुंगली, तोंड वाकडं केलं. "शी," म्हणाली, आणि हसली. तोवर दगड सुकायला लागला होता. एका बाजूनं अक्षरं परत आत जायला लागली होती. तिनं तांब्या माझ्यापुढं धरला.

"आन अजून पानी. परत वाच."